आखाजीच्या आधी धुतलेली भिंत

भिंत कोणी धुतं का? माझ्या आईने धुतली. नुसती पुसली नाही. बादली, धुण्याची पावडर आणि नारळाचा काथ्या घेऊन, तिच्या धुळ्याच्या घराचा ओटा धुवावा तशी खसाखसा घासून, वर तांब्याने पाणी मारून धुतली. आणि धुतली ती नेमकी आमच्या घरातली सगळ्यात नाजूक, सगळ्यात मिरवलेली भिंत.

ही भिंत आमच्या हॉलमध्ये आहे. हॉल आणि जेवणाची जागा यांच्यामध्ये ती गोल वळत जाते. विटांची नाही. आत पत्र्याच्या पट्ट्यांचा सांगाडा, आणि त्याच्यावर दोन्ही बाजूंनी जिप्समचे बोर्ड, म्हणजे कागदात गुंडाळलेला चुनखडीसारखा पांढरा भुगा. आमच्या जळगावात याला सरसकट ‘पीओपीची भिंत’ म्हणतात. माझा धाकटा भाऊ धुळ्यात हीच कामं घेतो. आम्ही घर दुरुस्त करायला काढलं तेव्हा त्याने हौसेने ती बांधून दिली. ‘अक्का, सरळ भिंती सगळ्यांकडे असतात,’ म्हणाला. आमच्या ह्यांना ती पहिल्या दिवसापासून आवडली नाही. कपाट टेकत नाही, कॅलेंडर टांगलं की वाऱ्याने फडफडतं, अशा त्यांच्या तक्रारी. मी मात्र येईल त्याला सांगायचे, माझ्या भावाने बांधली.

त्या दिवशी शाळेतून घरी आले तर हॉलमध्ये पाणीच पाणी. भिंतीचा खालचा पट्टा पुरीसारखा टम्म फुगलेला. मधोमध भगदाड. आणि त्या भगदाडात काय होतं? कणिक! आईने फुगा खाली बसावा म्हणून उलथण्याने टोचलं, तर ढेकूळच निघून हातात आलं. मग तिने आत जुन्या लुगड्याचं फडकं कोंबलं आणि वरून पोळ्यांसाठी मळलेली कणिक थापली. तिच्या लहानपणी मातीच्या भिंतीला भोक पडलं की चिंध्या कोंबून वर चिखल लिंपायचे. चिखल नव्हता, कणिक होती. मी पोचले तोवर मुंग्यांना पत्ता लागलेला होता.

आई बाजूला पदराला हात पुसत उभी. ‘मझार काहीच नही व माय,’ ती म्हणाली. ‘बठ्ठी पोकळ शे.’ आत काहीच नाही, सगळीच पोकळ, जणू भिंतीनेच तिला फसवलं होतं.

माझा राग नाकावर असतो, हे माझ्या शाळेतली पोरंही सांगतील. शाळेत मी शुद्ध मराठीत रागावते. घरी रागावले की माझी आहिराणी सुटते. ‘कोनी सांगं तुले भीत धुवाले?’ मी ओरडले. आजूबाजूला ऐकू गेलं असणार. ऐकू दे. मला म्हणायचं होतं की तू या घरात मोलकरीण नाहीस. सकाळी उठून भांडी घासतेस, माझे पडदे धुतेस, गच्ची झाडतेस, आणि हे माझ्या शेजारणी बघतात. हे सगळं मी बोललेच, पण उलट्या क्रमाने आणि भलत्या शब्दांत.

आई शांतपणे म्हणाली, ‘आखाजी उनी ना. भाऊ माले लेवाले यी. जावाना पहिले घर चोख करी ठेवू म्हनं.’

म्हणजे तिला न्यायला भाऊ येणार, म्हणून जाण्याआधी माझं घर लख्ख करून ठेवायचं होतं.

इथे थोडं सांगायला हवं. खानदेशात आखाजी म्हणजे अक्षय तृतीया दिवाळीपेक्षा मोठी. लेकी माहेरी येतात, झोके बांधतात. पण त्या दिवसाचं खरं काम वेगळं असतं. गेलेल्या माणसांच्या नावाने पाण्याची घागर भरायची, वर खरबूज ठेवायचं, पुजायचं, जेवू घालायचं. आमचे वडील मागच्या पावसाळ्यात गेले. त्यांच्या नावाची ही पहिलीच घागर. ती भरायची धुळ्याच्या घरी, मुलाने. आणि आईला तिथे असायचं होतं. तिचं बाकी काही मागणं नव्हतं. वडील गेल्यावर भाऊ तिला ‘चार दिवस अक्काकडे राहा, मन रमेल’ म्हणून आमच्याकडे सोडून गेला होता. त्याच्या चार दिवसांत हिवाळा संपला, उन्हाळा डोक्यावर आला. आई रोज एकदा तरी विचारायची, ‘फोन उंथा का त्याना?’ आला होता का त्याचा फोन? मी म्हणायचे, कामात आहे. आधी मला ते खरंच वाटत होतं. नंतर मी ते दात आवळून म्हणायला लागले.

सासरी गेलेली नवी पोर आखाजीला दारात बसून माहेरचं मूळ येण्याची वाट बघते, कोणीतरी न्यायला येईल म्हणून. मी बघितल्यात अशा पोरी, मीही बसलेय. पण सत्तरी ओलांडलेली बाई लेकीच्या दारात बसून पोटच्या पोराच्या मुळाची वाट बघते, हे मी पहिल्यांदाच बघत होते. ते माझ्या घरात घडत होतं, आणि मला त्याची चीड येत होती. तिची चीड येत होती. अगं, तो तुझाच मुलगा आहे, तुझंच घर आहे. बस स्टँडवर जा, गाडीत बस, एरंडोल, पारोळा, धुळं. कोण अडवतंय? मी म्हटलंही. ती म्हणाली, ‘तो लेवाले यी ना. आपून कशी जावो?’

मी त्याच संध्याकाळी भावाला फोन लावला. भिंत बिघडली सांगितलं, तर तो हसला. ‘अक्का, तिला पाण्यापासून लांब ठेव. जिप्समला पाणी चालत नाही.’ मी म्हटलं, ते तू बांधताना सांगायचं होतंस. तो म्हणाला, ‘भिंत कोण धुतं?’ अगदी माझंच वाक्य. मला ते त्याच्या तोंडून ऐकवलं नाही. मी फोन ठेवून दिला.

मग मी ठरवलं की भिंत मीच नीट करणार. त्याच्याशिवाय काही अडत नाही. मोबाईलवर एक पोरगा चिकण्या हातांनी हे काम करून दाखवत होता. फुगलेला भाग चौकोनी कापून काढा, पट्ट्यांपर्यंत मोकळा करा, तेवढ्या मापाचा नवा तुकडा बसवा, स्क्रू मारा, जोडावर जाळीची टेप, त्यावर पुट्टी, वाळली की पॉलिश पेपरने घासा. कापण्यापर्यंत जमलं. कटरने कापताना पांढरा भुगा माझ्या केसांत, चहात, ह्यांच्या पेपरावर. हे पेपर झटकून म्हणाले, ‘आपल्याकडे चक्की टाकली का?’ आई फडकं घेऊन माझ्यामागे भुगा पुसत फिरत होती. मी तिला दोनदा खाली बसवलं, ती दोनदा उठली.

बोर्ड आणायला बाजारात गेले. दुकानदार पिढ्यान्‌पिढ्या इथलाच, पण घरात अजून मारवाडी बोलणारा. भला माणूस. ‘ताई, भिंत सरळ आहे ना?’ त्याने विचारलं. मी म्हटलं, गोल. त्याने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी चौकोनी लाटणं मागितलं. ‘मग मिस्त्रीला पाठवा,’ म्हणाला. मला मिस्त्री नको होता. मी बोर्ड घेऊन आले, माप घेतलं, कापला, भिंतीच्या पोटाला लावला आणि दोन्ही बाजूंनी दाबला. आणखी दाबला. तो वळला थोडा, मला हुरूप आला, आणि कडाड्‌कन मोडला. मधोमध दोन तुकडे. माझ्या हाताला कागद चिरून गेला.

‘मी पहिल्यापासून म्हणत होतो,’ ह्यांनी सुरू केलं, ‘भिंत सरळ असावी.’

त्या क्षणी माझ्या हातात कटर होतं. त्यांचं नशीब, त्यांनी ते बघितलं आणि वाक्य तिथेच सोडलं.

आई खाली बसून मोडलेल्या तुकड्यांवरून हात फिरवत होती. ‘मन्हामुये व्हयनं,’ ती म्हणाली, माझ्यामुळे झालं. आणि मग अगदी हळू, ‘तो यी तं करी दी.’ तो आला तर करून देईल. तिच्या आवाजात काळजी नव्हती. आशा होती. माझ्या लक्षात आलं की भिंत मोडली याचं तिला दुःख आहे, पण आता भावाला यावंच लागेल याचा आनंदही आहे. मला इतका राग आला की मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच दोन डबे आपटले.

मग मी परत फोन केला आणि सरळ सांगितलं, ‘तू बांधलीस, तू ये. भिंत नीट कर आणि आईला घेऊन जा. आखाजी तोंडावर आलीय, वडिलांची घागर आहे, ती तिकडे हवी.’ तो दोनदा ‘हो हो’ म्हणाला आणि ‘रविवारी बघतो’ म्हणाला. मी आईला सांगितलं, रविवारी येतो. ‘बघतो’ हा शब्द मी गाळला, कारण तो मलाही ऐकायचा नव्हता.

रविवारी आईने उजाडताच अंघोळ केली. चांगलं लुगडं नेसली. तिची पिशवी भरून दारापाशी. सांजोऱ्या करून डब्यात भरलेल्या, भावाच्या मुलांसाठी. ऊन चढलं, कूलरचा आवाज सुरू झाला, रस्ता सामसूम झाला. शेवटी एक पिकअप दारात थांबली, मागे बोर्ड लादलेला. आई माझ्याआधी उठली. गाडीतून एक माणूस उतरला, गळ्यात रुमाल, तोंडात गुटखा. तो एकटाच होता.

‘मना पोऱ्या उना नही का?’ आईने विचारलं.

‘शेठ नाशिकले गयात, साइटवर,’ मिस्त्री म्हणाला. ‘माले सांगं, अक्कानी भीत करी ये.’

आई बाजूला झाली, त्याला वाट दिली. पाणी आणून दिलं. मला वाटलं, आता रडेल. ती रडली नाही. तिने पिशवी दारातून उचलून भिंतीच्या कडेला ठेवली, कामाच्या आड येऊ नये म्हणून.

मिस्त्री बडबड्या होता. आल्या आल्या त्याने माझं चौकोनी कापलेलं भगदाड बघून ‘कोनी करं हे, उंदीरनी?’ विचारलं. त्याने बोर्ड पालथा टाकला, पाठीवरच्या कागदाला बोटभर अंतरावर उभ्या चिरा दिल्या आणि ओल्या फडक्याने पाठ पुसली. पाण्याने! मी बघतच राहिले. जे माझ्या आईने केलं म्हणून आठवडाभर तिला बोलणी खावी लागली, तेच हा फुशारकीने करत होता. ओला बोर्ड हळूहळू वाकायला लागला.

आई जवळ बसून बघत होती. तिने सहज विचारलं, जसं आपण गावाकडच्या माणसाला विचारतो, ‘मनी खोली झाडेल शे का रे? आखाजीले मी येस ना.’

‘कोनती खोली?’ मिस्त्रीने मान वर न करता म्हटलं. ‘मांगली? ती तं गोडाऊन शे आते. बठ्ठा माल तठेच भरेल शे. हा बोर्डबी तठूनच काढी आना.’

‘आनि पलंग?’

‘पलंग गच्चीवर शे.’

त्याला काही कळलं नव्हतं. तो बोर्डाची कड तपासत होता. गच्चीवर! एप्रिलच्या उन्हात, धुळ्याच्या गच्चीवर, माझ्या आईबापाचा शिसवी पलंग, ज्याच्यावर माझे वडील गेले. ती खोली झाडलेली नव्हती, कारण ती खोलीच राहिलेली नव्हती. भावाने हे मला सांगितलं नव्हतं. ‘आईचं मन रमू दे’ म्हणत होता तेव्हा तो बोर्ड मोजत होता.

‘उचल,’ मी मिस्त्रीला म्हटलं. ‘उचल तो बोर्ड आणि चालता हो. तुझ्या शेठला सांग, तिच्या खोलीतला माल माझ्या भिंतीला लागणार नाही. भिंत उघडी राहील, मुंग्या होतील, साप निघेल, मला चालेल.’ मी असं बरंच बोलले. मिस्त्री उकिडवा, हातात ओला बोर्ड, तोंड उघडं. हे आतल्या खोलीतून बाहेर आले आणि दारातच थांबले.

आई म्हणाली, ‘राहू दे. त्यानं काय चुकनं? सुकी जाई तं मोडी जाई.’ वाळला तर मोडेल. ती उठली आणि तिने स्वतः बोर्डाची एक कड धरली. मिस्त्रीने दुसरी धरली. दोघांनी तो भिंतीच्या पोटाला लावला. मिस्त्री स्क्रू मारत गेला आणि आई दोन्ही तळवे लावून दाबून उभी राहिली, बोर्ड सुटू नये म्हणून. तिचे हात म्हातारे, शिरा वर आलेल्या, पण हलले नाहीत. मी मदतीला गेले नाही. मला त्या बोर्डाला हात लावायचा नव्हता.

टेप लावून, पुट्टीचा पहिला हात मारून मिस्त्री निघाला. उरलेलं काम वाळल्यावर मला करायला सांगून गेला. आईने त्याच्या हातात सांजोऱ्यांचा डबा दिला, नातवंडांसाठी. मी दात आवळून बघत राहिले.

दिवेलागणीला भावाचा फोन आला. आवाज खुशीत. ‘अक्का, झाली का भिंत? जोड कळत नाही ना?’ मी तोंड उघडणार, तेवढ्यात आईने हात पुढे केला. मी तिला फोन दिला, आवाज मोठा करून.

‘भीत चांगली व्हयनी,’ ती म्हणाली.

‘बरं झालं. आणि माय, आखाजीचं असं आहे, या दिवसांत कामं फार...’

‘तू येऊ नको,’ आई म्हणाली. ‘तुना बापनी घागर यंदा आठेच भरसूत. आंडेरना घर.’

आंडेर म्हणजे लेक. इथेच, लेकीच्या घरी. भाऊ घाईने बोलायला लागला. असं कुठे असतं का, घागर मुलाच्या घरी असते, भाऊबंद काय म्हणतील, लोक काय म्हणतील. इतक्या महिन्यांत मी त्याच्या आवाजात पहिल्यांदा काळजी ऐकली. मी फोन ओढून घेतला. ‘भाऊबंदांना सांग, खोलीत बोर्ड आहेत,’ मी म्हटलं. ‘घागर ठेवायला तरी जागा आहे का रे तुझ्याकडे?’ आणि त्याने काही म्हणायच्या आत फोन बंद केला. मला बरं वाटत होतं. आई जिंकली, असं मला वाटलं. आणि मीही.

आई उठली. डोक्यावरचा पदर नीट केला आणि ह्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. ‘जवाईबुवा,’ ती म्हणाली, ‘तुमना घर आमनी घागर ठेवसू. चाली का?’

हे लगेच उठून उभे राहिले. चांगला माणूस आहे, त्यात काही वाद नाही. ‘अहो आई, विचारता काय? चालेल. माझ्या वडिलांची घागर असतेच, तिच्याशेजारी ठेवू.’ आपण फार मोठं मन दाखवलं असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं.

आणि माझ्या अंगाचा पुन्हा तिळपापड झाला. घर माझं. बाप माझा. राबते मी, आईला सांभाळते मी, भांडले मी. आणि परवानगी ह्यांची!

‘त्यांना काय विचारतेस?’ मी म्हटलं. ‘मला विचार ना. हे माझंही घर आहे.’

आई माझ्याकडे वळली. तिला माझा प्रश्न खरोखरच कळला नाही, एवढं मला दिसलं. तिने पुट्टी लागलेला हात माझ्या गालाला लावला.

‘तुले काय इचारनं?’ ती म्हणाली. ‘तू तं आंडेर शे.’